एका बटणाचे १८०० रुपये? एनव्हीडीए, सात महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या लॅपटॉपचं इन्सर्टचं बटण बसलं. दुसऱ्या घरात कुणाला कळलंही नसतं, पण माझी नऊ वर्षांची लेक जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीएची, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, जवळजवळ प्रत्येक आज्ञा त्या बटणानेच सुरू होते. आवाज चालू होता, पण त्याला काही सांगताच येईना.

चोपड्याहून एसटीने लॅपटॉप जळगावला नेला. दुकानदार म्हणाला, एक बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदला, १८०० रुपये. चार दिवस ठेवून घेतला, तसाच परत दिला आणि तपासणीचे २०० घेतले. मी भांडले. सॉफ्टवेअर फुकट मिळालं, म्हणून बटणाला १८०० घालवायचे का?

हे सॉफ्टवेअर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलं, मग त्याचा अंध मित्र जेम्स टेह त्यात आला, आणि ते आजही मोफत आहे. सुरुवातीला मी ‘खेळता खेळता शिका’ असं लिहिलेला ९०० रुपयांचा पेनड्राइव्ह घेतला होता. त्यात सगळी चित्रंच. एनव्हीडीए लावलं की नुसतं ‘बटन, बटन, बटन’ ऐकू यायचं. कशाचं बटन, ते बनवणाऱ्याने लिहिलेलंच नाही. ते ९०० रुपये अजून डोक्यातून जात नाहीत.

खरा खेळ एनव्हीडीएतच सापडला. इन्सर्ट आणि १ दाबलं की पुढे कुठलंही बटण दाबा, ते फक्त आपलं नाव सांगतं, काही बिघडत नाही, काही पुसलं जात नाही. पहिले दोन महिने ती रोज तासभर तेच खेळत होती. एफ आणि जेवरचे उंचवटे चाचपून बोटं बसवायची, मग नाव आधी स्वतः सांगायचं आणि नंतर दाबून बघायचं. पुढे मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे नेहमीच्याच बटणांवरची मराठी अक्षरांची मांडणी, लावला. त्यात क दाबताना शिफ्ट धरलं की ख, त वर थ, ल वर ळ. हे कळल्यावर ती अक्षरं जोडीजोडीने पाठ करू लागली. तिचा पहिला शब्द ‘केळी’. त्याची बटणं: के, एस, शिफ्ट-एन, आर.

आवाजाबद्दल मात्र माझं मत बदललं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज पत्र्यावर बोलल्यासारखा येतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘‘हाऊ कोन बोली ऱ्हायना वं?’’ मी चांगला आवाज विकत घेणार होते. पण लेकीने वेग इतका वाढवून ठेवलाय की मला एक शब्द कळत नाही, तिला सगळे कळतात. आता तो बदलू देत नाही. एक अडचण खरी आहे. ‘कि’ आणि ‘की’ वाक्यात सारखेच ऐकू येतात. बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं तरच ऱ्हस्व-दीर्घ कळतं. म्हणून ब्रेलची पाटी मी बंद केली नाही, करणारही नाही.

आणि बटण? एनव्हीडीए सुरू होताना स्वागताची चौकट येते. तिथेच एक चौकोन असतो, कॅप्सलॉक हे एनव्हीडीएचं बटण म्हणून वापरा. त्याला टिक केली की इन्सर्टची गरजच उरत नाही. सात महिन्यांपूर्वी पहिल्याच दिवशी मी ती न वाचता ओके दाबून बंद केली होती. कॅपिटल अक्षरं हवी असतील तर कॅप्सलॉक झटपट दोनदा दाबायचं, एवढाच फरक. उलट तिची करंगळी तिथे लवकर पोचते.

परवा तिच्या वर्गातल्या मैत्रिणीकडे लॅपटॉप आला. लेक फोनवर सांगत होती, ‘‘ओके नको दाबू. आधी टॅब दाबत जा, चौकोन आला की स्पेस.’’