बंद समुद्राचे आरक्षण आणि आमचे २४,५१० रुपये

मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी निघालेल्या आम्हा चौघांचे २४,५१० रुपये बुडाले, तेही पाण्यात पाऊल न टाकता. आगाऊ रक्कम घेऊन ऐन वेळी हात वर करणारे सहल-आयोजक असतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने: माझे आजोळ मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे आहे आणि मेअखेरीस तिथला समुद्र कसा असतो, हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती.

मुलाची प्रवेश परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होती, म्हणून जाहिरात पाहून मी एका आयोजकाकडे २८ ते ३० मे या तारखा मागितल्या. दोन रात्रींचा मुक्काम, तारकर्लीला डायव्हिंग आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, असे माणशी ६,४५० रुपये ठरले. २ मे रोजी १२,९०० रुपये दिले. उरलेले आधीच भरल्यास एकूण रकमेवर पाच टक्के सूट म्हणून १९ मे रोजी आणखी ११,६१० रुपये पाठवले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेऐवजी एका बाईचे नाव आले. विचारले, तर उत्तर तयार होते: “वहिनींचं खातं आहे सर, कंपनीच्या खात्याची लिमिट संपली.” माझा अंगठा क्षणभर थांबला होता. तेवढ्यात “सर, बोट फुल्ल होतेय” असा दुसरा संदेश आला आणि मी पिन टाकला. तो क्षण आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. खात्यावर दुसऱ्याचे नाव दिसले, तर व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

२५ मेच्या रात्री सहल रद्द झाल्याचा निरोप आला, “शासनाच्या आदेशामुळे”. पावसाळ्यासाठी २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद ठेवण्याचा हा आदेश काही अचानक कोसळत नाही, तो दर वर्षी निघतो. पुरावा म्हणून त्याने पाठवलेल्या प्रतीवरची तारीखच आमच्या दुसऱ्या हप्त्याच्या सहा दिवस आधीची होती, म्हणजे समुद्र बंद होणार हे कागदोपत्री माहीत असताना त्याने ११,६१० रुपये घेतले. मामांना फोन केला तर ते म्हणाले, “अरे, पंचवीस तारखेनंतर सगळा बंद होता, तुका ठावक नाय?” तारखा मी मागितल्या हे खरे, पण ‘नाही’ म्हणणे हे धंदा करणाऱ्याचे काम होते. परताव्याऐवजी त्याने पुढच्या हंगामाचे कूपन देऊ केले, तेही माणशी १,५०० रुपये ‘बदल शुल्क’ भरून. मी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

यानंतरची पायपीट त्या चोरीहून अधिक संतापजनक ठरली. आमच्या ठाण्यात सांगितले, की आयोजकाचा पत्ता आहे तिथे जा. तिकडच्या ठाण्याने फोनवर सांगितले, की पैसे जिथून पाठवले तिथे जा. नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी सांगितल्यावर अंमलदारांनी माझ्याकडे असे पाहिले, की फसवणूक मीच केली असावी. एका साहेबांनी तर “तुम्ही शिकलेले आहात ना?” असेही विचारले. बँकेचे उत्तर एका ओळीचे: व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान वाद उपस्थित करता आला असता. यूपीआयने गेलेल्या पैशांपुढे मी हतबल होतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. संदेशांची चित्रे मात्र पहिल्याच दिवशी जपून ठेवावीत, कारण आमच्या संभाषणातले निम्मे संदेश समोरच्याने पुसून टाकले होते. आयोगाची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आली आहे. पत्ता खरा आहे का, हे मी पैसे देण्यापूर्वी एकदाही तपासले नव्हते.

या मार्चमध्ये त्या आयोजकाच्या जाहिरातीतली तीच छायाचित्रे नव्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसली. तारखा होत्या २९ ते ३१ मे.