बेथोव्हेनचं ‘हरवलेलं’ पत्र विकत घेण्याआधी

एका संग्राहकाला जर्मन संगीतकार बेथोव्हेनचं म्हणून विकलेलं एकपानी पत्र तपासणीला आलं, तोवर पैसे बँकेतून गेले होते आणि विक्रेता उत्तरं द्यायचा बंद झाला होता. पत्र प्रकाशकाला लिहिलेलं, एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेच्या) छपाईतल्या चुकांबद्दल. सोबत प्रमाणपत्र, आणि जुन्या पत्रसंग्रहातल्या पानाची झेरॉक्स. तिच्यात हाच मजकूर शब्दशः छापलेला. खरेदीदार भुलला तो या झेरॉक्सला. मजकूर बेथोव्हेनचाच होता, अक्षर मात्र दुसऱ्याच कुणाचं.

मेख इथेच आहे. बेथोव्हेनच्या पत्रांची हेन्ले प्रकाशनाची जर्मन आवृत्ती 1996 पासून निघाली. तिच्यात प्रत्येक पत्राची मूळ प्रत कुठे आहे ते दिलेलं असतं: बॉनचं बेथोव्हेन-हाउस हे संग्रहालय, बर्लिनचं राज्य ग्रंथालय, एखादा खासगी संग्रह. काही पत्रांची मूळ प्रत मात्र सापडत नाही, मजकूर जुन्या पुस्तकातून किंवा कुणी केलेल्या नकलेतून घ्यावा लागतो. बनावट करणारा नेमकी हीच पत्रं उचलतो. ग्रंथालयात असलेलं पत्र विकायला काढलं तर एका ईमेलवर पितळ उघडं पडेल, पण हरवलेलं पत्र ‘सापडलं’ म्हटलं की खोडून काढणारी दुसरी प्रतच नसते. म्हणून मजकूर छापून आलेला आहे, याने कागद खरा ठरत नाही. आधी आवृत्तीतली ती नोंद वाचा. ‘मूळ प्रत अज्ञात’ असेल तर संशय दुप्पट करा.

आता कागद. जुना कागद मिळवणं अवघड नाही, जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडली की झालं. मिलानचा तोबिया निकोत्रा हेच करायचा. मोझार्ट, पेर्गोलेझी या संगीतकारांच्या नावाने त्याने हस्तलिखितं बनवली आणि 1934 मध्ये तो पकडला गेला. मिशिगन विद्यापीठाकडचा गॅलिलिओचा म्हणून मिरवलेला कागदही त्याचाच असावा, असं 2022 मध्ये विद्यापीठाने मान्य केलं. 1609-10 च्या मजकुराखाली अठराव्या शतकातलं जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटलेली, उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) होतं!

वरच्या पत्राच्या डाव्या कडेला सारख्या अंतरावर बारीक भोकं होती. शिवणीची. पत्राच्या कागदाला शिवण कशाला? त्या काळी पत्र बहुधा दुमडलेल्या तावावर लिहीत, बाहेरच्या बाजूला पत्ता घालत आणि लाखेने बंद करत. वेगळं पाकीट सहसा नसेच. लाख फोडताना कागद थोडा फाटतो, तशी जागा शोधा. बेथोव्हेन 1827 मध्ये गेला आणि तो राहत असलेल्या ऑस्ट्रियात टपाल तिकीट 1850 मध्ये आलं, त्यामुळे तिकीट लावलेलं पाकीट दाखवणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

शाईत सगळ्यात जास्त कळतं. 10 पट भिंगाखाली घडीची रेघ पाहा. पत्र आधी लिहिलं आणि मग दुमडलं, तर घडीवर शाई घासलेली किंवा तडकलेली दिसते. घडी आधीची आणि शाई नंतरची असेल, तर शाई मोडलेल्या धाग्यांत झिरपते आणि रेघ तिथेच फुगते. या पत्रात जवळजवळ प्रत्येक ओळ घडीवर फुगली होती. शिवाय जुन्या कागदावरचं शाई पसरू नये म्हणून दिलेलं जिलेटिनचं अस्तर काळाने कमजोर होतं, म्हणून त्यावर आज लिहिलं तर शाई कडांना पिसासारखी पसरते. माजूफळ आणि हिराकसाची खरी शाई काळी पडते आणि पुढे तपकिरी होते, जाड फटकाऱ्यात जास्त गडद राहते. सगळीकडे एकसारखा चहाचा रंग म्हणजे बाटलीतून आलेला ‘जुनेपणा’.

अतिनील टॉर्चवर फार विसंबू नका. निळसर पांढरा चमकला तर कागद साधारण 1950 नंतरचा, पण न चमकला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पुस्तकातून फाडलेलं पानही चमकत नाही.

हस्ताक्षर ताडून पाहायला बेथोव्हेन-हाउसचा डिजिटल संग्रह मोफत आहे. जर्मन मजकूर कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आणि इटालियन संज्ञा लॅटिन लिपीत, ही त्या काळची रीत. अक्षराच्या मधेच लेखणी उचललेली, सुरुवात बोथट, दाब कुठेच बदलत नाही, असं असेल तर ते लिहिलेलं नसून चितारलेलं आहे. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर साधी छपाई. कोलोटाइप या जुन्या छपाईपद्धतीच्या प्रतींत मात्र ठिपके नसतात, तिथे पाठीमागे शाई उमटली आहे का ते बघा.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात: ते विक्रेत्यानेच दिलं असेल तर रद्दी. तज्ज्ञ तुम्ही निवडा, कागद त्याच्याकडे जाऊ द्या, आणि लेखी परतीची अट असल्याशिवाय, त्याचं मत येण्याआधी पैसे सोडू नका. लिलावस्थळाबाहेर थेट खात्यात पैसे मागितले, की तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर बँकेला त्याच दिवशी कळवा आणि जाहिरात, संदेश, पार्सलचं वेष्टण सगळं जपून ठेवा. कागद ‘परतावा देतो’ म्हणणाऱ्याकडे परत पाठवू नका. पोलिसांकडे द्यायला तेवढाच पुरावा हातात असतो, आणि परत गेला तर पुढच्या गिऱ्हाइकाला तोच विकला जातो.