रूटिंग हार्मोन पावडर: डबी ठेवा, आतला कागद फेका

पावडरीला पाचपैकी चार तारे. डबीत घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाला एकही नाही.

आधी माल. डबीवर आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) 0.3 टक्के, बाकी शंखजिरं, असं स्पष्ट छापलंय. म्हणजे 3000 पीपीएम. अर्धवट जून झालेल्या काडीला हे प्रमाण बरोबर बसतं. कोवळ्या हिरव्या शेंड्याला 0.1 टक्केवाली पुरते आणि चांगल्या जून लाकडाला 0.8 वाली लागते, त्यामुळे ‘सर्व झाडांसाठी’ हे डबीवरचं वाक्य विक्रीचं समजून सोडून द्यायचं.

जास्वंदीवर निकाल झकास आला. एकाच झाडाच्या, साधारण एकाच जाडीच्या काड्या घेतल्या, अर्ध्यांना पावडर लावली, अर्ध्या तशाच ठेवल्या आणि सगळ्या एकाच कुंडीत, कोकोपीट आणि वाळूत खोचल्या. पावडर न लावलेली काडी उपटली तर शेवटच्या पेराखाली एकाच बाजूला दोन-तीन बारीक मुळं. पावडरवालीला कापापासून बोटभर उंचीपर्यंत चहूबाजूंनी पांढरी, जाडसर, ठिसूळ मुळं. साल उभी चिरून आतून बाहेर आलेली दिसतात. बोगनवेलीतही फरक स्वच्छ दिसला. क्रोटनच्या कोवळ्या शेंड्याला मात्र मात्रा जड गेली, बुडाशी काळा पट्टा पडला आणि तिथूनच तो कुजला. मनीप्लांटवर ही पावडर वाया घालवू नका, तो नुसत्या पाण्यातही मुळं सोडतो.

आता तो कागद. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी चिडचिड जरा जास्त आहे हे गृहीत धरा. कागद म्हणतो, काडीची सगळी पानं काढा. आणि पुढे म्हणतो, उरलेली पावडर पाण्यात कालवून कुंडीतल्या वाढत्या झाडांच्या मुळाशी दर आठवड्याला घाला, मुळं लांब वाढतील. दोन्ही सल्ले लिहिणाऱ्याला ऑक्झिन, म्हणजे झाडाच्या वाढीचं संप्रेरक (आयबीए त्याच गटातलं), झाडात फिरतं कसं हे ठाऊक नसावं.

झाडाचं स्वतःचं ऑक्झिन, म्हणजे आयएए, मुख्यतः शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशीतून पेशीत खाली उतरतं. वेग तासाला साधारण एक सेंटिमीटर. ही उतरण गुरुत्वाकर्षणामुळे नाही. काडी उलटी टांगली तरी ऑक्झिन तिच्या मूळच्या बुडाकडेच जातं आणि मुळंही मुख्यतः तिथेच फुटतात. कारण पेशीच्या बांधणीत आहे. पेशीभित्तिकेतलं पाणी आम्लधर्मी, सामू साडेपाचच्या आसपास. तिथे आयएएच्या सुमारे 15 टक्के रेणूंवर विद्युतभार नसतो आणि ते पेशीपटलातून आपसूक आत झिरपतात. बाकीच्यांपैकी बऱ्याच रेणूंना ऑक्स1 नावाचं प्रथिन आत ओढून घेतं. आत सामू सातच्या घरात, त्यामुळे जवळजवळ सगळे रेणू भारित होतात आणि अडकतात. भारित रेणूला पटल ओलांडता येत नाही. बाहेर पडायला दार लागतं, आणि ते दार म्हणजे पिन प्रथिनं. खोडाच्या वाहक ऊतीत ही प्रथिनं पेशीच्या खालच्या टोकालाच बसवलेली असतात. आत कुठूनही या, बाहेर पडणार ते खालूनच. 1974 मध्ये रुबेरी आणि शेल्ड्रेक यांनी आणि 1975 मध्ये रेव्हन यांनी हे गणित कागदावर मांडलं होतं. खुद्द प्रथिनं हाती लागली ती 1990 च्या दशकात, अॅरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडात.

म्हणून काडी कापली की वरून येणारं ऑक्झिन कापाशी येऊन तुंबतं. मुळं फुटण्याची सुरुवात या तुंबलेल्या साठ्याने होते, पावडर त्यात भर घालते. पानं आणि शेंडा सगळा खुडलात तर वरून येणारा पुरवठा तुम्हीच तोडलात, शिवाय मुळांना लागणारी साखरही गेली. वरची दोन पानं ठेवावीत, मोठी असतील तर अर्धी कापून, म्हणजे पाणी फार उडत नाही. पिनचं महत्त्व किती, ते एनपीए या रसायनावरून कळतं. ते दिलं की हे दार अडतं आणि पिटुनियासारख्या झाडाच्या काड्यांना मुळं नीट फुटत नाहीत. 2022 मध्ये पिन प्रथिनांची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा दिसलं, की ऑक्झिन जिथे बसतं ती जागाच एनपीए बळकावतं.

दुसरा सल्ला तर सरळ नुकसानीचा. वाढत्या मुळात ऑक्झिनचा रस्ता वेगळा आहे. मधल्या वाहक भागातून ते टोकापर्यंत जातं, मूलटोपीत वळतं आणि बाहेरच्या थरांतून पुन्हा थोडं वर चढतं, जिथे पेशी लांब होत असतात तिथपर्यंत. बाहेरच्या थरात पिन2 पेशीच्या वरच्या टोकाला बसतं, म्हणून तिथला प्रवाह उलटा. मूळ आडवं केलं, की मूलटोपीतल्या पेशींमधले स्टार्चचे कण खालच्या बाजूला बसतात, काही मिनिटांत पिन3 त्या बाजूला सरकतं आणि मुळाच्या खालच्या अंगाला ऑक्झिन जास्त जातं. तिथे पेशींची वाढ मंदावते, वरच्या अंगाची चालू राहते आणि मूळ खाली वळतं. म्हणजे जादा ऑक्झिन मुळाची लांबी रोखतं, तेही अगदी किंचित मात्रेत. नवं मूळ फुटण्याला ते मदत करतं आणि फुटलेल्या मुळाची लांबी तेच अडवतं. दर आठवड्याला ते कुंडीत ओतायला सांगणारा लांब मुळांचं आश्वासन कशाच्या जोरावर देतो, देव जाणे. त्यात आयबीए आम्लाच्या रूपात पाण्यात धड विरघळतही नाही, त्याला अल्कोहोल लागतं. पाण्यात विरघळतो तो त्याचा पोटॅशियम क्षार, आणि या डबीत तो असल्याचं कुठेही छापलेलं नाही.

पावडरीत आयएएच का घालत नाहीत, असं विद्यार्थी विचारतात. आयएए उजेडात लवकर नासतं, आयबीए टिकतं. मुळं फुटवण्याचा त्याचा गुण 1935 मध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवला. पिनच्या वाटेने ते फारसं जात नाही. पेशी आपल्या पेरॉक्सिझोम नावाच्या सूक्ष्म कप्प्यांमध्ये त्यातल्या काही भागाचं हळूहळू आयएए करत राहतात. कापाशी लावलेलं बरंचसं तिथल्या तिथे राहून कामी येतं ते यामुळे.

एक तारा कापला तो डबीसाठी. प्लॅस्टिक पारदर्शक आहे, म्हणजे अंधारात ठेवायची जबाबदारी तुमची; मी कपाटात ठेवते. झाकण सैल आहे, दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात. उत्पादनाची तारीख तळाशी छापलीय आणि बोट लागलं की पुसली जाते. तोंड अरुंद आहे, काडी जेमतेम आत जाते, पण त्याची तक्रार नाही. काडी थेट डबीत बुडवूच नये, ओल आणि बुरशी आत जाते. चमचाभर पावडर कागदावर काढा, काडीचं बूड ओलं करून झटका, पावडरीत टेकवा, पुन्हा झटका. पांढरा थर जेमतेम दिसला की पुरे. मातीत आधी पेन्सिलीने भोक पाडा, नाहीतर लावलेली पावडर वरच खरवडली जाते. कागदावर उरलेली परत डबीत ओतू नका.