फ्रिजमधलं स्कीइंग : आठ महिन्यांच्या पासनंतर

परवा मंगळवारी रात्री नऊला इंग्लंडातल्या आमच्या छताखालच्या स्की हॉलबाहेर गाडी लावली, बूट चढवले, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि वर बघतो तर मुख्य उतारावरची लिफ्ट पुन्हा बंद. दोरी थांबलेली, बटणं (मांड्यांमध्ये धरून वर ओढलं जायच्या थाळ्या) जागच्या जागी लोंबकळताहेत आणि खाली एका पोरानं पिवळा बोर्ड आणून ठेवलाय : तांत्रिक कारणामुळे. हाच बोर्ड नोव्हेंबरात लागला तो सात आठवडे हलला नव्हता. तेव्हा मी तीन मेल, एक फोन आणि काउंटरवर एक बाकायदा भांडण केलं होतं. परवा मात्र मुकाट्यानं शेजारच्या छोट्या उतारावर गेलो आणि दीड तास मजेत घालवला. माझाच मला अचंबा वाटला. पास संपायला नऊ दिवस उरलेत, पुन्हा घ्यायचा की नाही हे ठरत नाहीये, म्हणून सगळं लिहून काढतोय.

जागेचं नाव लिहीत नाही, कारण परताव्याचा वाद अजून मिटलेला नाही. इंग्लंडात छताखालचे खऱ्या बर्फाचे उतार मोजकेच आहेत. पहिला टॅमवर्थला, 1994 साली सुरू झाला. त्याआधी इथली मंडळी टेकडीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या ब्रशांच्या चटयांवर शिकायची, अजूनही शिकतात. आमचा हॉल त्यानंतरचा. मुख्य उतार दोनशे मीटरांच्या आतला, त्याला बटण लिफ्ट, आणि शेजारी नवशिक्यांचा छोटा उतार, त्याला सरकता पट्टा. आत उणे दोन ते उणे पाच. रात्री पाण्याचा बारीक फवारा गार हवेत उडवून बर्फ पाडतात, जमिनीखालून गारव्याच्या नळ्या गेलेल्या असतात. सांगलीहून आईनं व्हिडिओ कॉलवर एकदा हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "अरे, म्हणजे फ्रिजमध्ये जाऊन घसरायचे पैसे देतोस होय?" तेव्हापासून आमच्या घरी त्या जागेला फ्रिजच म्हणतात.

आता पैसे. पास घेण्यापूर्वी एका शनिवारी दोन तासांचं तिकीट काढलं होतं, 42 पौंड. लिफ्टला रांग. दोन तासांत सोळा फेऱ्या झाल्या आणि एक फेरी खाली यायला मला 25 सेकंद लागत होती. गुणाकार करा. 400 सेकंद. म्हणजे दोन तासांत मी प्रत्यक्ष स्कीइंग केलं सहा मिनिटं चाळीस सेकंद, आणि सेकंदाला साडेदहा पेन्स मोजले. उरलेला सगळा वेळ रांगेत, किंवा मांड्यांमध्ये प्लास्टिकची थाळी धरून वर ओढलं जाण्यात. रिक्षात बसल्यावर रस्त्याऐवजी मीटरकडे बघणाऱ्या माणसाची झोप उडायला एवढं पुरे होतं.

त्या रात्री जे सुचलं त्यावर हा सगळा अनुभव उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उतार लांब करणं माझ्या हातात नाही. रांगही नाही. पण एका उतरणीत वळणं किती घ्यायची हे माझ्या हातात आहे. मी आठ घेत होतो. सोळा फेऱ्या, 128 वळणं, म्हणजे वळणाला 33 पेन्स. वीस घेतली तर तेवढ्याच पैशांत 320, म्हणजे 13 पेन्स. शिवाय वळणं वाढली की वेग पडतो, 25 सेकंदांची उतरण 45 वर जाते. वळणाचा दर निम्म्याच्या खाली!

पुढच्या वेळी वीस वळणं घ्यायला गेलो आणि अकराव्याला आडवा झालो.

कारण वळण छोटं करायचं तर नुसतं अंग फिरवून भागत नाही. मोठ्या वळणात खूप काही लपतं. खांदे फिरवले, हात हवेत टाकले, शेपटीकडून स्की ढकलल्या तरी फिरतं कसंबसं. छोट्या वळणात तेवढा वेळच नसतो. बाहेरच्या स्कीवर वजन, तिची कड बर्फात, कमरेखालचा भाग फिरतोय आणि छाती उताराकडेच, हे सगळं दीड-दोन सेकंदांत बसवायचं आणि लगेच दुसऱ्या बाजूला तेच. माझं यातलं काहीच जमत नव्हतं. आणि त्याचं मूळ एकच होतं : मी मागे बसत होतो.

हा रोग जुना. मी पहिल्यांदा स्की पायाला लावल्या त्या उत्तराखंडातल्या औलीला, सात दिवसांच्या कोर्समध्ये. तिथल्या सरांचं एकच पालुपद होतं, "घुटने मोड़ो, भाईसाब, घुटने!" मी इमानदारीत गुडघे वाकवले. पण घोटे ताठ ठेवून गुडघे वाकवले की माणूस कुठे जातो? खुर्चीत बसतो. वजन टाचांवर, स्कीची टोकं हलकी, आणि टोकं हलकी झाली की ती ऐकत नाहीत. सर चुकीचं सांगत नव्हते, मी अर्धंच ऐकत होतो. वाकायचं असतं ते आधी घोट्यात, नडगी बुटाच्या जिभेवर रेलून. मग गुडघे आपोआप वाकतात.

हे मला इथल्या एका प्रशिक्षक बाईंनी सांगितलं. साठीच्या असतील, निवृत्त शाळाशिक्षिका. खासगी शिकवणीचा दर ऐकून मी गटाच्या शिकवणीत घुसलो होतो, सहा जण, एक तास. त्यांनी मला वरून खाली येताना एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये पाच पौंडाची नोट ठेवली आहे असं समज, ती खाली पडू द्यायची नाही. बाकीचे पाच जण समजले. मी खरी ठेवली. 2016 पासून पाच पौंडाची नोट प्लास्टिकची आहे, भिजायची भीती नाही. घडी घालून डाव्या बुटात, मोज्याच्या बाहेरून, जिभेच्या आत. कल्पनेतली नोट पडली तर कोणाचं काय जातं? स्वतःची पडली तर कळतं.

पहिल्या रात्री तीन फेऱ्यांत नोट सरकत सरकत घोट्याखाली गेली. काढायला गेलो तर बूट काढावा लागला. तुम्ही थंडीत ताठरलेला स्की बूट बर्फाच्या कडेला एका पायावर उभं राहून काढला असेल, तर मी काय म्हणतोय ते कळेल. चार बकलं, तोंडानं शिव्या, आणि शेवटी नोट हाती लागली ती ओल्या चिंचेच्या पानासारखी टाचेजवळ चिकटलेली. महिनाभर हेच.

बूट म्हणजे आणखी एक कथा, पण थोडक्यात. मी भाड्याचे 28 नंबरचे बूट दोन जाड मोजे घालून वापरत होतो, कारण पायाला आराम वाटत होता. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. माझं पाऊल भरलं साडेसव्वीस. दुकानातल्या माणसानं आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावला, टाचेमागे बोटं घालून बघितली आणि मान हलवली. आता साडेसव्वीसचा बूट आणि एकच पातळ मोजा. मागच्या हंगामातला भडक केशरी रंग कोणी घेत नव्हतं, म्हणून 230 पौंडांत मिळाला. रंग बघून बायको आठवडाभर हसत होती. ढिल्या बुटात पाय आतल्या आत वळतो आणि स्की तशीच राहते, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

तर ऑगस्टअखेर पास घेतला. महिना 58 पौंड, फक्त कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत नाहीतर रात्री नऊनंतर. पाचच्या आत माझी नोकरी, म्हणून मंगळवार-गुरुवार रात्री नऊ ते अकरा. महिन्यात आठ खेपा झाल्या तर खेपेला सव्वासात पौंड. एक चुकली की दर वाढतो. यापायी मी सर्दीत गेलोय, ऑफिसच्या पार्टीतून उठून गेलोय, एकदा तर भारत-ऑस्ट्रेलिया सामना अर्धा टाकून गेलोय. नियमित सराव वगैरे लोक म्हणतात, त्यामागे माझ्या बाबतीत शिस्त कमी आणि सव्वासात पौंड जास्त होते.

रात्री नऊच्या बर्फाबद्दल आधी माझी जोरदार तक्रार होती. सकाळी यंत्र फिरवून बर्फ कॉर्डुरॉयच्या पँटसारखा बारीक रेघांचा करून ठेवतात. दिवसभर हजार जण त्यावरून घासत गेले की रात्री मधला पट्टा तुळतुळीत कडक आणि कडेला साखरेचे ढीग. सप्टेंबरात मी लिहिलं असतं तर या एका गोष्टीवरून दोन तारे कापले असते. आता उलट वाटतं. कडक पट्ट्यावर कड नीट लावली नाही तर स्की बाजूला निसटते आणि चर्रर्र आवाज येतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो आवाज माझ्या डाव्या वळणात यायचा, उजव्यात नाही. डावीकडे वळताना बाहेरची स्की उजवी, आणि उजव्या पायावर मी पूर्ण भरवसा टाकत नव्हतो. सकाळच्या मऊ बर्फात हे वर्षभर कळलं नसतं.

मग नोव्हेंबर. लिफ्टचा काहीतरी भाग परदेशातून यायचा होता. मुख्य उतार बंद, पासवाल्यांनी छोटा उतार वापरावा. तो उतार इतका सपाट की माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याला घसरगुंडी म्हणतो. मी पैसे परत मागितले. तीन मेलना तीन वेळा तेच उत्तर आलं, फक्त खालचं नाव बदललेलं : आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. संयम कोणी दाखवला होता? काउंटरवर भांडल्यावर पास चौदा दिवस वाढवून दिला आणि मित्रांसाठी दोन कुपनं दिली, तीही पाचच्या आत चालणारी. माझे सगळे मित्र पाचच्या आत कामावर असतात. सात आठवड्यांच्या बदल्यात चौदा दिवस! हे मी अजून सोडलेलं नाही.

पण पास तर चालू होता, पैसे तर कापले जात होते. मग गेलो घसरगुंडीवर. तिथे वेग नाही, म्हणून भीती नाही, आणि भीती नाही म्हणून मागे बसायला कारण नाही. काठ्या कडेला ठेवल्या. एका स्कीवर उभं राहून खाली आलो. आडवं उभं राहून कडा सैल सोडायच्या, घसरायचं, पुन्हा आवळायच्या, असं एका बाजूनं वीसदा, दुसऱ्या बाजूनं वीसदा. उजव्या पायावर चाळीसदा, कारण तो कर्जात होता. सरकत्या पट्ट्याला रांग नाही, फेरी संपली की लगेच पुढची. चौथ्या आठवड्यात घरी येऊन बूट काढला तर नोट ठेवली तिथेच होती, नडगीच्या हाडाचा ठसा उमटलेली.

जानेवारीत लिफ्ट सुरू झाली. पहिल्याच उतरणीत मी वळणं मोजायला विसरलो. मुलगा खाली उभा होता, त्यानं मोजली. "बाबा, बावीस."

आता दुसरी बाजू. मार्चमध्ये फ्रान्सला आल्प द्युएझला आठवडाभर गेलो. गाव 1860 मीटरवर, वरचा पीक ब्लां 3330 वर. पहिल्या उतरणीचं पहिलं मिनिट राजेशाही होतं. दुसऱ्या मिनिटाला मांड्या पेटल्या. फ्रिजमध्ये पाऊण मिनिट उतरायचं आणि दोन मिनिटं ओढलं जायचं, ही सवय पायांना इतकी लागलेली की मध्येच थांबून ते लिफ्ट शोधत होते. तिसऱ्या दिवशी ढग उतरले. वर पांढरं, खाली पांढरं, ताकात पडलेल्या माशीसारखी अवस्था, चढ आहे की उतार हे पोटात गोळा आल्यावर कळायचं. दुपारच्या उन्हात बर्फ श्रीखंडासारखा जड होतो, तोही कधी पाहिला नव्हता. हॉलमध्ये यातलं काहीच शिकायला मिळत नाही, आणि हॉलची जाहिरात ते सांगत नाही.

मात्र एका अरुंद, गोठलेल्या पट्ट्यावर जिथे माझ्यापेक्षा तरुण लोक आडवे होऊन स्की घासत उतरत होते, तिथून मी छोटी छोटी वळणं घेत आलो. एकदाही चर्रर्र नाही. त्या एका मिनिटासाठी मी सगळ्या मंगळवारांना माफ केलं असतं, सात आठवड्यांना नाही.

छोट्या उतारावर काय होणार, असं म्हणणाऱ्यांना मी डेव्ह रायडिंगचं नाव सांगतो. लँकेशरमधल्या पेंडलच्या प्लास्टिकच्या उतारावर शिकलेला माणूस. 22 जानेवारी 2022 ला, पस्तिसाव्या वर्षी, ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची स्लॅलम शर्यत जिंकला. आल्पाइन विश्वचषकात ब्रिटनचा तो पहिला विजय. आणि स्लॅलम म्हणजे काय, छोटी वळणंच.

दुबईत मावसभाऊ असतो, त्याच्याकडे मॉलमध्ये 400 मीटरचा उतार आहे, बसून जायची लिफ्ट आहे. तो मला चिडवतो. त्याला मी दर वळणाला किती दिरहम पडतात ते काढायला सांगितलंय, अजून उत्तर नाही.

वर्षातून एकदाच डोंगरात जात असाल आणि हॉल अर्ध्या तासाच्या आत असेल, तर रात्रीचा पास घ्या. शनिवारचं तिकीट काढू नका, ती लूट आहे. हॉल तासभर लांब असेल तर पेट्रोलमध्ये सगळं जाईल. गटाची एक तरी शिकवणी घ्या. बूट स्वतःचे हवेत, स्की भाड्याच्या चालतात. हॉट चॉकलेट घरून थर्मासमध्ये न्या.

माझं म्हणाल तर या महिन्याच्या आत नूतनीकरण केलं तर जुना दर, नंतर 64 पौंड. काल फॉर्म भरायला बसलो, त्यात एक चौकट आहे : लिफ्ट बंद असल्यास परतावा मागणार नाही. ती मी रिकामी ठेवली, तर फॉर्म पुढेच जात नाही. आज गुरुवार आहे. नऊला काउंटरवर जाऊन विचारतो, आणि ते जे काही सांगतील ते ऐकून घेऊन घसरगुंडीवर जातो. नोट बुटातच आहे.