माहिती चोख, पाठपुरावा मात्र आपलाच : एका जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राचा मार्गदर्शन कक्ष

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या दिव्यांग पुनर्वसन केंद्राच्या मार्गदर्शन कक्षाविषयी हे लिहीत आहे. अशा केंद्रांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची देखरेख असते आणि रोजचा कारभार बहुधा एखादी स्वयंसेवी संस्था पाहते. फिजिओथेरपी आणि वाचाउपचार तेथे होतातच. परंतु ‘हे काम नेमके कोणत्या कार्यालयात होते’ या प्रश्नाचे उत्तर देणे हेही केंद्राचेच काम आहे, आणि मी येथे तेवढ्याच कामाविषयी बोलणार आहे.

माझ्या पुतण्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) असून त्याच्या जोडीला बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. तो अठरा वर्षांचा होताच त्याचे खाते पूर्वीप्रमाणे आईच्या सहीने चालणार नाही, असे बँकेने सांगितले. पुढे काय करायचे, हे मात्र सांगितले नाही. कक्षातील समाजसेविका बाईंनी पहिला प्रश्न वहिनींना न विचारता पुतण्याला विचारला, “दादा, गाडीत बसून कंटाळलास का?” त्याचे उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या हातातले पेन खाली ठेवून थांबल्या. सरकारी टेबलासमोर हे मी क्वचितच पाहिले आहे.

त्यानंतर त्यांनी जे समजावले, ते जिल्ह्यातील अनेक कार्यालयांत एकत्रितपणे कोणीच सांगत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती सज्ञान झाल्यावर आई-वडिलांनासुद्धा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार, घ्यावे लागते. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण असून त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत बसतो. फॉर्म न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत भरता येतो. एका कोऱ्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरांत क्रम लिहून दिला : आधी वैश्विक ओळखपत्र (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी), मग पालकत्व, मग निरामय, प्रत्येकासमोर कार्यालय, मजला आणि लागणाऱ्या झेरॉक्स. रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेच्याच नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यावर डॉक्टरांची सही ओळखपत्राच्या तपासणीच्या दिवशीच घेतली तर दुसरी खेप वाचते, ही सूचनाही त्याच कागदावर होती. वहिनींनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलच्या सर्वांत वर ठेवला आहे.

कागदाच्या पुढे मात्र हा कक्ष जात नाही. ज्या कार्यालयाकडे पाठवले, तेथे एक फोन करून ‘अमुक कुटुंब येत आहे’ एवढे कळवण्याची पद्धत नाही, आणि काम झाले की अडले हे नंतर कोणी विचारत नाही. परिणामी पालकत्व देणाऱ्या स्थानिक समितीच्या संबंधित टेबलावर आम्हाला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, आणि तेथील लिपिकाने “हे आमच्याकडे येत नाही” असे म्हणताच तोच कागद पुढे करून वाद घालावा लागला. वहिनी शिकलेल्या आहेत, शिवाय सोबत मी होतो. मजुरी बुडवून तालुक्याहून एकटी आलेली आई येथूनच परत फिरेल. कोणाला कोठे पाठवले, याची वही कक्षात आहे, पण तिच्यात निकालाचा रकानाच नाही.

जागेविषयीही सांगितले पाहिजे. रॅम्प आहे, त्याचा उतारही बरा आहे. मात्र तो संपतो तेथे दाराला चांगला वीतभर उंबरा आहे आणि चाकाची खुर्ची दोघांनी उचलल्याखेरीज आत जात नाही. भिंतीवरील योजनांचा फलक बारीक अक्षरांत असून त्यावर संजय गांधी निराधार योजनेची रक्कम अजून १५०० रुपयेच आहे, जी दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये २५०० करण्यात आली. तोंडी विचारल्यास बरोबर आकडा सांगतात. पण कर्णबधिर माणसाने विचारायचे कसे? सांकेतिक भाषा जाणणारे तेथे कोणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांची नोंद आहे. कक्षाची सगळी मांडणी मात्र ऐकू येणाऱ्या आणि वाचू शकणाऱ्या पालकांना समोर ठेवून केलेली दिसते.

तरीही दिव्यांग मुलाच्या कागदपत्रांची सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी आपल्या जिल्ह्यातील अशा केंद्रातच आधी जायला सांगेन; सायबर कॅफेवाल्याकडे किंवा ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे नव्हे. सेवा मोफत आहे आणि आम्हाला मिळालेली माहिती पुढे कोठेही चुकीची ठरली नाही. जाताना दोन गोष्टी कराव्यात. ओळखपत्रासाठी तपासणी करणारे जिल्हा रुग्णालयातील दिव्यांग मंडळ ठरावीक वारीच बसते, तो वार आधी विचारून त्याच दिवशी सकाळी केंद्रात जावे, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामे होतात. आणि क्रम लिहून दिलेल्या कागदावर केंद्राचा शिक्का व तारीख मागून घ्यावी. समाजसेविका बाई त्याला आढेवेढे घेत नाहीत, आणि पुढच्या टेबलावर हस्ताक्षरापेक्षा शिक्क्याला मान असतो.