वेलिंग्टनच्या झीलँडियातील रात्रफेरी : किवी पाहण्यापेक्षा ऐकण्यासाठी

मुलांकडे न्यूझीलंडला येणारी आपली मंडळी परतताना किवीचे चित्र असलेला मग हमखास नेतात, मात्र तो पक्षी त्यांतील बहुतेकांनी पाहिलेला नसतो. मी स्वतः एकदा एका ठिकाणी काचेआडच्या अंधाऱ्या खोलीसमोर दहा मिनिटे ताटकळून, वाळक्या पानांची किंचित हालचाल तेवढी पाहून बाहेर पडलो होतो. त्यामुळे करोरी उपनगरातील झीलँडिया अभयारण्याच्या रात्रफेरीला गेलो तेव्हा फारशी अपेक्षा ठेवली नव्हती.

शहराला पूर्वी पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या दरीत हे २२५ हेक्टरांचे रान आहे. मांजरे, उंदीर, स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) असे शिकारी प्राणी आत येऊ नयेत म्हणून त्याभोवती ८.६ किलोमीटर लांबीचे कुंपण घातले गेले आणि ते १९९९ मध्ये पूर्ण झाले. वर चढून आलेले मांजर घसरून पडावे अशा बेताने कुंपणाचा वरचा काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला आहे. थोडक्यात, मुख्य भूमीवरच एक बेट तयार केले आहे, कारण येथील किवी वाचला तोही एका बेटामुळेच.

हा लहान ठिपकेदार किवी, माओरी भाषेत किवी पुकुपुकु, सर्व किवींमध्ये आकाराने सर्वांत लहान आहे. मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला असे मानले जात असताना कापिती बेटावर नेऊन सोडलेल्या मोजक्या पक्ष्यांचा वंश तगून राहिला आणि त्यांतूनच २००० सालापासून काही पक्षी येथे आणले गेले. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडील दुर्गम रानात तो अजून जिवंत असल्याचे २०२५ मध्ये पिसांच्या डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. ही बातमी वाचल्यावर माझी ही फेरी मला पुन्हा आठवली.

सुमारे अडीच तासांच्या या फेरीत पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून लाल प्रकाशाच्या विजेऱ्या वापरतात. आमच्या वाटाड्याने सुरुवातीलाच सांगितले की किवी दिसेलच याची हमी नाही, आणि पैसे घेऊनही असे स्पष्ट बोलणारा माणूस मला आवडला. आधी काका नावाच्या पोपटांचा कलकलाट हळूहळू थांबला, मग रुरू घुबडाची साद आली, आणि बऱ्याच वेळाने दरीच्या पलीकडून नर किवीची चढत जाणारी तीक्ष्ण शीळ एकामागून एक अशी ऐकू आली. त्यानंतर वाटेच्या कडेला, चोचीच्या टोकाशी असलेल्या नाकपुड्या फुंकरत माती हुंगणारा एक गोल, तपकिरी गोळा काही क्षण दिसला. गटातील एका गृहस्थांनी मोबाइलचा पांढरा दिवा लावताच तो नेच्यांत शिरला. त्या गृहस्थांविषयी अधिक न लिहिणेच बरे.

वाटेवर चढउतार आहेत, वेलिंग्टनचा वारा उन्हाळ्यातही बोचतो आणि लहान मुलांना इतका वेळ गप्प ठेवणे अवघड जाते, म्हणून जाड जाकीट आणि चांगले बूट घेऊनच जावे. तिकीट स्वस्त नाही, तरीही मला ते महाग वाटले नाही. पुढच्या महिन्यात आई-बाबा येत आहेत, त्यांतील बाबांसाठी रात्रीची जागा राखून ठेवली आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला दिवसा खालच्या धरणापर्यंतच्या सोप्या वाटेने नेईन.