सायबरट्रकला मॅग्नेट लावून दहा महिने झाले, माझा अनुभव

नवऱ्याने टेस्लाचा सायबरट्रक (विजेवर चालणारी पिकअप गाडी) घेतला तेव्हा आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बघून पहिलं काय विचारलं तर "अगं, रंग द्यायचा विसरले का?" या गाडीला रंग नसतोच, बाहेरून सगळं उघडं स्टेनलेस स्टील. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, पार्किंगमध्ये ही गाडी म्हणजे धुऊन पालथं घातलेलं भलंमोठं पातेलं दिसते. रॅप करायला, म्हणजे गाडीभर रंगीत फिल्म चिकटवून घ्यायला, हजारो डॉलर सांगितले, म्हणून मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मी चुंबकी शीटवर छापलेली चित्रं, म्हणजे मॅग्नेट मागवले. दोन दारांना दोन मोर, मागच्या फळीला वारलीची फेर धरलेली माणसं, बॉनेटला एक मोदक, शिवाय मुलीने हट्टाने घेतलेले छोटे गोल निओडायमियमचे, म्हणजे फार जोरदार ओढीचे चुंबक.

सगळे विचारतात ते आधी सांगते, चिकटतात. मलाही खात्री नव्हती, कारण स्टेनलेसला चुंबक लागत नाही हे आपल्याला भांड्यांच्या दुकानातच शिकवलेलं असतं, लागलं तर स्टील हलकं म्हणायचं. दिवाळीला आई आली तेव्हा तिने फ्रिजवरचं चुंबक काढून आधी माझ्या पोह्याच्या डब्याला लावलं, घसरून खाली पडलं. मग गाडीच्या दाराला लावलं, टक्कन बसलं. "बघ, फसवलं तुम्हाला." आता ३०४ म्हणजे आपलं नेहमीचं भांड्यांचं १८/८ स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, जुन्या डेलोरियन गाडीचे पत्रे त्याच ३०४ चे होते, त्यावर हा खेळ जमत नाही. सायबरट्रकचा पत्रा मात्र गरम न करता रोलरखाली दाबून दाबून कडक केलेला असतो, त्या दाबाने आतली रचना थोडी बदलते आणि तो चुंबकाकडे ओढला जातो. हेच घरी बघायचं तर ठोकून खोल ओढलेल्या डब्याच्या कोपऱ्याला चुंबक लावून बघा, तळाला नाही पण तिथे किंचित ओढ जाणवते. आईला हे करून दाखवलं. "असेल," म्हणाली, म्हणजे पटलेलं नाही.

पकड फ्रिजसारखी घट्ट नाही पण पुरते. या गाडीचा एक मोठा फायदा म्हणजे पत्रे सपाट आहेत. चुंबकी शीट म्हणजे रबरात मिसळलेली फेराइटची पूड, तिची ओढ अगदी जवळच्या जवळ असते, मध्ये केसाएवढी फट पडली तरी जोर जातो, त्यामुळे गोलाई असलेल्या गाडीवर कडा उचलतात तशा इथे उचलत नाहीत. त्याच कारणाने वरून पीपीएफ (पत्र्याला ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात ती पारदर्शक फिल्म) लावलेली असेल तर पकड आणखी कमी होणार हे धरून चाला. चाकांवरचं काळं प्लॅस्टिक, काचा आणि मागच्या हौद्यावरचं ॲल्युमिनियमचं सरकतं झाकण, इथे काहीच चिकटत नाही. आणि पुढच्या बाजूच्या पत्र्यांवर कॅमेरे आहेत, ते झाकू नका, मी एकदा मोराचा तुरा त्यावर आणला होता.

शीट घेताना ३० मिलची घ्या म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि कोपरे गोल कापलेले. माझा मोदक पातळ आणि टोकदार होता, गार्डन स्टेट पार्कवे या हायवेवर ताशी पासष्ट मैलांच्या आसपास असताना टोकाखाली हवा शिरली आणि बाप्पाचा नैवेद्य आरशात बघता बघता गेला. मागे गाडी नव्हती म्हणून बरं. आता बॉनेटला काहीच लावत नाही.

निओडायमियमवाले तर गाडीला लावूच नका. ओढ जबरदस्त आहे पण बोट सटकलं की खाडकन आपटतात, आणि मुलीने ते सरकवत सरकवत रांगोळी काढली त्याचे बारीक ओरखडे ब्रशच्या रेषांना आडवे गेलेत. चुंबक रस्त्यावरची लोखंडी धूळही गोळा करतं, मागची बाजू पुसली नाही तर ती धूळ सरळ पत्र्यावर घासते. म्हणून काढताना सरकवायचं नाही, कोपऱ्यातून सोलून उचलायचं.

आता खरी गोष्ट हिवाळ्याची. विकणाऱ्याने आठवड्यातून एकदा काढून पुसा असं छापलं होतं, मी वाचलंही होतं, पण जानेवारीत उणे आठ डिग्रीत कोण बाहेर जातंय. पाचेक आठवडे मोर तसेच राहिले. फेब्रुवारीत नवरा कामासाठी पुण्याला गेला होता तेव्हा एक काढला तर शीट थंडीने कडक, कडेला तडा गेलेला, आणि खाली अजून ओलं. बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी आत शिरून तिथेच बसलेलं, आणि पत्र्यावर मोराच्या पिसाऱ्याच्या आकारात तपकिरी ठिपके, चहा सांडल्यासारखे. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो हवेतल्या ऑक्सिजनने स्वतःला दुरुस्त करत राहतो, मीठ आणि ओल झाकून ठेवली की ते थांबतं. रंगाच्या गाडीवर मॅग्नेट ठेवले तर आजूबाजूचा रंग उन्हाने उतरून खाली ठसा राहतो, ती भीती इथे नाही, पण ही आहे.

कोमट पाणी, साबण, मग बार कीपर्स फ्रेंड (स्टील घासायची क्लीनर पावडर) ओल्या मऊ फडक्यावर घेऊन ब्रशच्या रेषांच्याच दिशेने, गोल गोल अजिबात नाही. ठिपके गेले. पण मी घाबरून एकाच जागी जास्त घासलं आणि तेवढा भाग आता बाकीच्या दारापेक्षा चकचकीत झालाय.

तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च सगळे मॅग्नेट गॅरेजमधल्या फ्रीजरवर, सपाट, गुंडाळी करून नाही. एरवी शुक्रवारी लावते, रविवारी काढते, दोन्ही बाजू पुसून पूर्ण कोरडं करूनच परत. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, मुलीचा वाढदिवस यासाठी मस्त आहेत, कायमचे लावायचे असतील तर पैसे रॅपलाच घाला.

संध्याकाळचं ऊन तिरकं आलं की उजव्या दारावर पिसारा अजून दिसतो. नवरा डाव्या बाजूने चढतो-उतरतो, त्यामुळे सध्या तरी ठीक आहे.